अंगठ्याखालचे आकडे

"हळू म्हण रे. भिंतींना पाठ होईल."

रूडीचा हा आवाज चोपन्न वर्षांपूर्वीचा. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत दोघे भाऊ बाकावर बसलेले, केस ओले, अंगातून वाफा निघतायत आणि रूडीच्या मांडीवर बाबांची रायफल आडवी. खालची कडी ओढली की खट्‌कन गोळी वर येणारी, लाकूड हाताच्या घामाने काळं पडलेली. रूडी पंधराचा, आर्नी नऊचा. रायफलीच्या पोटाशी कोरलेल्या सात आकड्यांवरून रूडी बोट फिरवायचा आणि स्वतः जुळवलेलं गाणं म्हणायचा:

एक तळं, पाच वाटा,
दोन बदकं, सात लाटा,
तीन बहिणी, आठ दारं,
सहा दिवस वाहे वारं.

"हा बंदुकीचा नंबर. घरातली गोष्ट घरात. बायकोलासुद्धा सांगायचा नाही."

"मला कुठाय बायको?"

"मिळेल ना कधीतरी एखादी आंधळी. तिला सांगू नकोस."

मिळाली ती आंधळी नव्हती. चष्मा होता तिला, इतकंच. आत्ता तोच चष्मा कपाळावर चढवून मार्लिस स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"आर्नी, तिसऱ्यांदा गरम केली ही कॉफी. चौथ्यांदा केली तर डांबर होईल. ऊठ त्या कट्ट्यावरून."

"आलो."

"तुझं 'आलो' म्हणजे दुपारचं जेवण. ओळखते मी."

नोव्हेंबरची सकाळ होती. हरणांच्या शिकारीचा मोसम उघडायला नऊ दिवस राहिले होते. मोसमाच्या पहिल्या दिवशी या भागात शाळांनाही सुट्टी असते. हार्डवेअरच्या दुकानाबाहेर शिकाऱ्यांच्या नारिंगी टोप्या आठवडाभर आधीपासून वाऱ्यावर हलत असतात. आर्नी निएमेला मात्र शिकारीला जात नाही. सतरा वर्षांचा होता तेव्हा शेवटचा गेला होता. कुणी विचारलं तर म्हणतो, गुडघे.

चौतीस वर्षं त्याने गावाच्या पाण्याचे मीटर वाचले. हातात बॅटरी, खिशात छोटा आरसा. मीटर भिंतीकडे तोंड करून बसवलेला असला की आरशातले उलटे आकडे तो सुलटे वाचून घ्यायचा. लोकांची तळघरं त्याला त्यांच्या बैठकीच्या खोलीपेक्षा जास्त ठाऊक होती. कुणाच्या तळघरात रिकाम्या बाटल्यांची भिंत, कुणाच्या तळघरात कधीच न वापरलेला पाळणा. तो आकडे लिहायचा आणि जिना चढून वर यायचा. वर आल्यावर हवेबद्दल बोलायचा. गावात त्याच्याबद्दल एवढंच म्हणत, आर्नी चांगला माणूस आहे, खाली जातो पण खालचं वर आणत नाही.

निवृत्त झाल्यावर त्याने हा कट्टा धरला. जुन्या रायफली जपणाऱ्या माणसांचा, संगणकावरचा. देशभरातून लोक येत, आजोबांच्या बंदुकीचे फोटो टाकत, विचारत, कुठल्या सालातली असेल हो ही? साल नंबरावरून कळतं. पण नंबर उघडा टाकायचा नाही, ही तिथली रीत. सातातले पहिले चार दाखवायचे, शेवटच्या तिनांवर फोटो काढतानाच अंगठा ठेवायचा. पहिले चार पाहुण्यांचे, शेवटचे तीन घरचे.

रीत जुनी होती, पण ती राखायचं काम आर्नीकडे आलं होतं. कट्ट्याच्या मालकाने त्याला फोटो काढून टाकायचा अधिकार दिला होता. नवखा कुणी उघडा नंबर टाकून बसला की पाच मिनिटांत आर्नीचं उत्तर यायचं: अंगठा ठेवा. लोक त्याला अंगठेबहाद्दरच म्हणत.

टेनेसीतला ड्वेन नावाचा एक बोलघेवडा दर महिन्याला त्याच्याशी वाद घालायचा. "अरे, नंबर म्हणजे नंबर. माझ्या गाडीचा नंबर रस्त्यावर सगळं जग वाचतं. बंदुकीच्याच नंबराला कसला आलाय बुरखा?"

मग कट्टा पेटायचा. कुणी म्हणायचं, सरकार यादी करतंय. कुणी म्हणायचं, चोर घर हेरतात. ओहायोतल्या एकाने तर शपथेवर सांगितलं होतं की त्याने उघडा टाकलेला नंबर कुणा भामट्याने आपल्या चोरीला गेलेल्या बंदुकीचा म्हणून पोलिसांत दिला आणि बिचाऱ्याला स्वतःच्या बापाची बंदूक स्वतःची आहे हे पटवायला आठ महिने खेटे घालावे लागले. खरं किती, खोटं किती, कुणाला ठाऊक. आर्नी या वादात एकच ओळ लिहायचा आणि गप्प बसायचा.

गेलेला नंबर परत बोलावता येत नाही.

ही ओळ त्याने कुठून आणली, हे कट्ट्यावर कुणाला माहीत नव्हतं. आणि तो मुळात तिथे कशाला आला होता, हेही नव्हतं. तो एक रायफल शोधत होता. एक तळं, पाच वाटा, दोन बदकं, सात लाटा. नऊ वर्षांत याच चार आकड्यांनी सुरू होणाऱ्या तीन रायफली दिसल्या होत्या. तिन्हींच्या शेवटच्या आकड्यांवर अंगठा. त्यानेच ठेवायला लावलेला. विहिरीवर आपल्याच हाताने झाकण घालायचं आणि मग आत पाणी दिसतं का म्हणून वाकून बघायचं, तशी त्याची गत होती. अंगठा काढा म्हणून विचारायची सोय नव्हती. कट्ट्यावर तसं विचारणारा एकतर चोर, नाहीतर भामटा.

त्या मंगळवारी कॉफी खरंच डांबर झाली. पडद्यावर एक नवी मुलगी आली होती. टेसा, डलूथची. लिहिलं होतं: "नमस्कार मंडळी, ही माझ्या आजोबांची रायफल. त्यांना न सांगता फोटो काढलेत, सत्तरीची भेट म्हणून तिचं साल शोधून द्यायचंय. नियम वाचलेत, अंगठा ठेवलाय. रागावू नका."

दोन फोटो होते. पहिल्यात तिने रीतसर शेवटच्या तिनांवर अंगठा ठेवला होता. एक, पाच, दोन, सात. आर्नी खुर्चीत पुढे सरकला. तसा तो मागे तीनदा सरकला होता आणि परत मागे टेकला होता. दुसरा फोटो तिने रायफल उलटी धरून काढला होता, उजेड नीट यावा म्हणून. रायफल फिरली, हात बदलला, आणि अंगठा दुसऱ्या टोकाला गेला. पहिले चार झाकले गेले. शेवटचे तीन उघडे.

पोरीने दोन्ही फोटोंत नियम पाळला होता. आणि दोन्ही मिळून नंबर उघडा पडला होता.

आकडे उलटे होते. आर्नीला आरसा लागला नाही.

तीन बहिणी. आठ दारं. सहा दिवस वाहे वारं.

"आर्नी?" मार्लिस आतून म्हणाली. "मेलास का?"

मग ती बाहेर आली. त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. तिला आकडे ठाऊक नव्हते. तेवढा रूडीचा शब्द त्याने पाळला होता. पण नवऱ्याचा चेहरा ती वाचू शकत होती. तिने स्टूल ओढलं आणि बसली.

"तीच?"

"तीच."

"रूडी जिवंत आहे?"

"सत्तरीची भेट, असं लिहिलंय."

त्याने आधी कर्तव्य केलं. दोन्ही फोटो काढून टाकले. घाईघाईत पहिल्यांदा तिचं नावच पुसलं जाणार होतं. मग त्याने तिला खाजगी निरोप लिहिला. पाच वेळा लिहिला, चार वेळा खोडला. शेवटी राहिलं ते एवढं: "तुझे दोन फोटो जोडले की पूर्ण नंबर कळत होता, म्हणून काढले. साल एकोणीसशे अठ्ठेचाळीस. ही रायफल माझ्या वडिलांची. तुझे आजोबा बहुधा माझे भाऊ."

उत्तर दुपारी आलं, आणि आलं ते चवताळून.

"आजोबांना भाऊ नाहीये. त्यांना कुणीच नाहीये, ते स्वतः सांगतात. त्यांचं आडनावही तुमचं नाही, आजीचं लावतात ते. सगळ्यांना अंगठा ठेवा म्हणून तुम्हीच सांगता ना? आणि स्वतः बसून दोन फोटो जोडलेत, आमचा नंबर वाचलात, त्यावरून माणूस हुडकायला निघालात? यासाठीच लपवतात लोक! तुमच्यासारख्यांसाठी!"

मार्लिसने चष्मा खाली घेऊन ते दोनदा वाचलं. "जीभ आहे पोरीला. निएमेलांच्या रक्तातली दिसतेय."

"बरोबर बोलतेय ती."

"बरोबर बोलतेय, पण तू सोडणार आहेस का?"

तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. बर्चच्या उघड्या फांद्या, त्यामागे तळ्याची शिशासारखी रेघ. याच दिवसांत गेला होता रूडी. बाबा कामाला होते ती तांब्याची खाण बंद पडून दहा वर्षं झाली होती. रूडीला डलूथच्या गोदीत काम मिळत होतं. बाबा म्हणाले होते, "जायचंय तर मोसमाच्या आधी जा. मला तुझं तोंड बघत जंगलात बसायला नको." रूडी उजाडताना गेला आणि जाताना भिंतीवरची रायफल घेऊन गेला. बाबांनी रिकाम्या खिळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "गेली तर गेली." बंदूक गेली म्हणाले की पोरगा, ते कळलं नाही.

सतरा वर्षांच्या आर्नीने तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी तो पाच मैल चालत शेरीफच्या कचेरीत गेला. मनातल्या मनात गाणं म्हणत त्याने सात आकडे कागदावर उतरवले. तक्रार कुणाची, असं तिथल्या माणसाने विचारलं. त्याने बाबांचं नाव सांगितलं. रायफल चोरीला गेली. त्याला एवढंच वाटलं होतं की नंबर गावोगाव जाईल, कुठलातरी पोलिस रूडीला हुडकेल, गाडीत बसवेल आणि घरी आणून सोडेल. चुकलेल्या गाईला आणून सोडतात तसं.

पोलिसांनी रूडीला हुडकलं नाही. पण गोदीवर चौकशी आली, आणि रूडीला कळलं. जानेवारीत एक कार्ड आलं. "तुम्ही मला चोर केलंत. चोराला घर नसतं." बाबांनी ते चुलीपाशी उभं राहून वाचलं. मग आर्नीकडे बघितलं, बराच वेळ. म्हणाले, "लाकडं आण." तो लाकडं घेऊन आला तेव्हा कार्ड जळून गेलं होतं. बाबांना समजलं होतं का? त्यांनी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. त्यानंतर ते तेरा वर्षं जगले.

ते गेले त्या वर्षी मार्लिसने गाडी चालवली आणि आर्नीने कचेरीत जाऊन तक्रार मागे घेतली. नंबर यादीतून निघाला. तसा कागदही मिळाला. फक्त तो पाठवायला पत्ता नव्हता.

"नाही सोडणार," तो खिडकीकडे बघतच म्हणाला.

त्याने टेसाला परत लिहिलं. "तू रागावलीस ते योग्य आहे. मी जे केलं ते मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नसतं. आजोबांना फक्त एकच विचार: पेस्टीच्या सारणातलं सलगम वेचून ते कुणाच्या ताटात टाकायचे? त्यांनी नाव सांगितलं नाही तर मी पुन्हा लिहिणार नाही."

बुधवार गेला. गुरुवारी त्याने कट्टा उघडून पाहिला, पण कुणाला अंगठा ठेवा म्हणाला नाही. ड्वेनने लिहिलं, "अंगठेबहाद्दर आजारी आहे का? मी उद्या माझा नंबर घराच्या छपरावर रंगवणार आहे, कुणीतरी अडवा." आर्नीला हसू आलं नाही. मार्लिसने पेस्ट्या केल्या, मांस, बटाटा आणि सलगम भरलेल्या, मोठ्या करंजीसारख्या. त्याने आपल्या ताटातलं सलगम बाजूला सारलं, मग एकेक करून सगळं खाल्लं.

शुक्रवारी संध्याकाळी निरोप आला.

"विचारलं. ते दहा मिनिटं काही बोललेच नाहीत. मला वाटलं ऑक्सिजनची नळी निसटली. मग म्हणाले, आर्नीच्या. मग म्हणाले, रविवारी दोन वाजता. आणि काका, मी जास्त बोलले. पण दोन फोटो जोडून नंबर कळतो, हे परत कुणाला सांगू नका."

काका. मार्लिसने तो शब्द मोठ्याने वाचला आणि ॲप्रनने चष्मा पुसला.

रविवारी ती सकाळपासून त्याच्याभोवती फिरत होती. फोन टेबलावर ठेवला, उचलला, खालचा मेजपोस बदलला, जणू रूडी स्वतः येऊन तिथे कोपर टेकणार होता. दोनला पंधरा मिनिटं असताना ती त्याच्यासमोर बसली.

"ऐक माझं. ते आज सांगू नकोस."

"काय?"

"उगाच 'काय' करू नकोस. सेहेचाळीस वर्षांनी माणूस हाताला लागतोय. आधी लागू दे. त्याला वाटतंय बाबांनी केलं, तर वाटू दे. बाबांना आता काय फरक पडतोय?"

"आणि नंतर?"

"नंतर कधीतरी. वसंतात. भेटलात की."

"नळी लावलीय त्याला, मार्लिस."

"म्हणूनच सांगतेय. त्याने फोन ठेवला तर पुन्हा उचलणार नाही. मग तू हयातभर त्या खिडकीत बसशील, आणि मला तुला बघत बसावं लागेल."

फोन वाजला.

आधी टेसाचा आवाज, मग काहीतरी सरकवल्याचा, मग लांब सुईसारखा श्वास. आत, बाहेर. आत, बाहेर.

"कोण?"

"मी. आर्नी."

"आवाज म्हाताऱ्याचा आहे."

"तुझा कुठे कोवळा आहे?"

पलीकडे खोकला उठला. खोकल्यातच हसणं मिसळलेलं होतं, पण ते ओळखू यायला आर्नीला वेळ लागला.

"केस आहेत का?" रूडीने विचारलं.

"कानांवर आहेत."

"माझे कानांत आहेत. सौना आहे का उभा?"

"बाहेरची खोली पडली. आतलं आहे. भट्टीवरचे दगड बदलले मी दोनदा."

"कुठून आणलेस?"

"तळ्यावरून. तू आणायचास तिथून."

"काळे घेतलेस ना? पांढरे फुटतात."

"काळेच घेतले."

श्वास आत गेला, बाहेर आला. मार्लिसने टेबलावर हाताची घडी घातली होती. दोघे म्हातारे बराच वेळ दगडांबद्दल बोलले. मग आई कधी गेली ते, कुठे ठेवली ते, तिच्या शेजारी कोण. टेसाच्या आईबद्दल रूडी थोडं बोलला आणि थांबला. गोदीतली तीस वर्षं त्याने दोन वाक्यांत संपवली. रायफल त्याने कधी कुठे नेली नव्हती. दुरुस्तीलाही दिली नव्हती; तिची कडी अडकायची ती अडकतच राहिली. पलंगाखाली ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवायचा. पोरीला दम देऊन ठेवला होता, हिचा नंबर तोंडातून काढायचा नाही.

"आणि पोरगी बघ काय करून बसली. सगळ्या देशाला दाखवला."

"काढून टाकला मी लगेच. कुणी बघितला नसेल."

"तू बघितलास."

"मी बघितला."

"बरं झालं," रूडी म्हणाला. आणि मग आवाज थोडा खाली आला, जवळ आला, शेजारी बाकावर बसल्यासारखा. "एक सांगतो, आर्नी. बाबांवर मी फार वर्षं राग धरला. पोलिसाची गाडी दिसली की गल्ली बदलायचो. त्यांच्या मातीला आलो नाही. पेपरात वाचलं होतं, तरी आलो नाही. आता वाटतं, म्हातारा माणूस, बंदुकीवर जीव, केलं असेल रागाच्या भरात. सोडून दिलं मी. पण एक गोष्ट धरून ठेवली होती. त्या घरात एक जण माझ्या बाजूचा होता. थंडीत गोदीवर उभं राहताना तेवढं पुरायचं मला."

मार्लिसने मान हलवली. नको. ओठांनीही म्हणाली, नको.

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. गप्प बसलं असतं तरीही. वसंतात बर्फ वितळल्यावर दोघे भेटले असते, तळ्याकाठी खुर्च्या टाकून बसले असते. बाबांनी हे ओझं तेरा वर्षं जिवंतपणी वाहिलं होतं, तेहेतीस वर्षं मातीखाली. अजून थोडी वर्षं त्यांनी काही तक्रार केली नसती.

"आर्नी? आहेस ना?"

आर्नीने फोन दोन्ही हातांनी धरला. आयुष्यभर तो लोकांच्या तळघरांतून वर येऊन हवेबद्दल बोलला होता. आजही हवा सांगण्यासारखी होती. बाहेर भुरभुर बर्फ सुरू झालं होतं.

"आहे," तो म्हणाला. "रूडी, बाबा शेरीफकडे गेले नव्हते. मी गेलो होतो. नंबर मी लिहून दिला. मला वाटलं, ते तुला घरी आणतील."